नांगराला लागलेला इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, दरबार, तहनामे आणि रणांगणे उभी राहतात. विंचूरच्या माणसाच्या बाबतीत तर हे साहजिकच आहे. पेशवाईतील नामांकित सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या नावाशी हे गाव कायमचे जोडले गेले आहे, आणि त्यांच्याबरोबर १७६१ चे पानिपतही गावाच्या आठवणीत येऊन बसले आहे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग बखरीतून आलेला नाही, दरबारी दप्तरातूनही आलेला नाही. तो नांगराच्या फाळाला लागून, कुदळीच्या घावाखाली, विहिरीच्या आणि पायाच्या खोदाईत वर आलेला आहे. त्या इतिहासाविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

जमिनीत पुरलेल्या वस्तूंना आपल्याकडे एक जुने नाव आहे : गुप्तधन. सरदारांच्या गावात तर ढासळलेल्या प्रत्येक भिंतीखाली एक हंडा असतो, हंड्यावर एक नाग असतो, आणि तो हंडा फक्त पायाळू माणसाला दिसतो, असे सांगणारे म्हातारे प्रत्येक पारावर भेटतात. ही नुसती करमणूक असती तर तक्रार नव्हती. पण या समजुतीपायी माणसे नागवली गेली आणि जिवानिशीही गेली. म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा केला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घालावा लागला.

आता त्या पायाळू माणसाची जागा एक यंत्र घेऊ पाहात आहे. धातुशोधक यंत्र, लोकांच्या तोंडी मेटल डिटेक्टर. एक दांडा, त्याच्या टोकाला तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि कानाला लावण्याचे साधन. वेटोळ्यातून वीज उलटसुलट खेळवली की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असेल तर त्या क्षेत्रामुळे धातूतही विजेचे भोवरे उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र वर येते, आणि ते वेटोळ्याला जाणवले की यंत्र बोलते. यात मंत्र नाही, अंजन नाही; हा साधा पदार्थविज्ञानाचा खेळ आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या बेलसाहेबांनी असेच एक उपकरण वापरून पाहिले होते. ते फसले, आणि बिछान्यातील धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकविले असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्यासाठी हे यंत्र सैनिकाच्या हातात धरता येईल असे केले, आणि १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात ते उपयोगी पडले.

सुरुंग शोधणारे यंत्र शेतात आले तेव्हा त्याचा एक गुण आणि एक दोष बरोबरच आला. धातू आहे एवढेच ते सांगते. तो सातवाहनांचा पैसा आहे, बैलाच्या नालेचा तुकडा आहे, की द्राक्षाच्या मांडवाची तुटलेली तार आहे, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. आणि ज्या गोष्टीवाचून सापडलेल्या पैशाला जीभ फुटत नाही ती गोष्ट, म्हणजे त्याच्या भोवतीची माती, शेजारची खापरे, खालचा कोळसा, यांविषयी तर ते अगदी मुके असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जमिनीत सापडलेली वस्तू धन म्हणून फार थोडी असते. साक्षीदार म्हणून ती फार मोठी असते. साक्षीदाराला त्याच्या जागेवरून उठविले, त्याच्या सोबत्यांपासून तोडले, की त्याची साक्ष संपते. ती साक्ष टिकविणे पहिल्या क्षणी फक्त एकाच माणसाच्या हातात असते. तो म्हणजे नांगर धरणारा किंवा कुदळ मारणारा माणूस. त्या माणसाशी आपण न्यायाने वागत नाही तोवर हा इतिहास आपल्याला पुरता मिळणार नाही.

प्रथम मातीविषयी. आपल्या शेतकऱ्याने गावाचे दोन भाग फार पूर्वीच करून ठेवले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचे रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीला हा रंग शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेण आणि केरकचरा यांनी आणलेला असतो. जुन्या ओसाड वस्तीची अशी टेकाडे नदीकाठच्या मुलखात जागोजाग आहेत. पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेण्याची वहिवाट जुनी आहे. त्या गाड्यांबरोबर खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे आणि पैसेही काळीत गेले. म्हणून शेतात एखादे सुटे नाणे मिळाले तर ते तिथेच हरवले असे नव्हे. ते टेकाडावरून गाडीत बसून आलेले असू शकते. उलट जमिनीत भरलेले मडके मिळाले तर ते कोणीतरी मुद्दाम ठेवलेले असते. पेढ्या आणि तिजोऱ्या नव्हत्या तेव्हा जमीन हीच तिजोरी होती. मडके पुरणारा परत आला नाही, म्हणून ते आपल्याला मिळाले. तेव्हा अशा प्रत्येक मडक्यामागे एका घराची काहीतरी विपत्ती उभी असते, हे विसरता कामा नये.

आता आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. आपल्या निफाडला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा मिळाला. नाणी थोडीथोडकी नव्हती. मोजली तेव्हा ती १३,२५० च्या घरात भरली. एकेक नाणे दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सारी चांदी सुमारे पंचवीस किलो. एखाद्या सराफाच्या मुशीत ती एका दिवसात वितळून गेली असती, आणि मोडीच्या भावाने तिचा हिशेबही झाला असता. तसे झाले नाही हे आपले भाग्य. रेव्हरंड स्कॉट यांनी ती नाणी तपासून त्यांचा वृत्तांत मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

ही सारी नाणी क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत त्याचे नाव. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा पुन्हा मारलेला आढळला. तो गौतमीपुत्र सातकर्णी याचा. नहपानाच्या चेहऱ्यावर घाव घालून सातवाहनांची खूण आणि सातवाहन राजाचे नाव उमटविलेले. काही नाण्यांवर तर खालचा जुना चेहरा अर्धवट डोकावतो.

याचा अर्थ समजण्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागते. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने कोरविलेला लेख आहे, आणि त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे ती म्हणते. आईने मुलाची केलेली स्तुती! इतिहासकाराने तिच्यावर किती विश्वास ठेवावा? आणि गौतमीपुत्राने खुद्द नहपानाला जिंकले की त्याच्या मागून आलेल्या कोणा वारसाला, याविषयीही विद्वानांत वाद होता. जोगलटेंभीच्या ठेव्याने त्याचे उत्तर दिले. इतक्या हजारो नाण्यांत नहपानाखेरीज दुसऱ्या क्षत्रपाचे नाणे नाही. मध्ये कोणी राज्य करून गेला असता तर त्याची नाणी या गर्दीत सापडली असती. नहपानाच्या नाण्यावर थेट गौतमीपुत्राचा ठसा, मध्ये कोणी नाही. आईची साक्ष खरी ठरली.

ही साक्ष कशामुळे उभी राहिली पाहा. एका नाण्याने हे सिद्ध झाले नसते. पन्नास नाणी मिळाली असती तरी कोणी म्हणाला असता की मधल्या राजाची नाणी दुसरीकडे गेली. ठेवा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणून त्याला बोलता आले. जे नाही त्याचीही साक्ष देण्याचे बळ फक्त अखंड ठेव्यात असते.

याच लेण्यांत आणखी दोन लेख आहेत, आणि त्यांत राजांपेक्षा शेतच मोठे आहे. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या राज्यवर्षी विजयी छावणीतून आज्ञा सोडली की कखडी नावाच्या गावातील दोनशे निवर्तने शेत, जे आजवर उषवदात भोगत होता, ते त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. सहा वर्षांनी, चोविसाव्या राज्यवर्षी, पुन्हा आज्ञा निघाली. आम्ही दिलेले ते शेत कोणी कसत नाही, ते गावही वसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावी, असा तिचा आशय. विजयाच्या ठशांखाली झाकलेली ही गोष्ट आहे. राजा जिंकला, नाणी बदलली, आणि मध्ये एक गाव उठून गेले. ते का उठले हे लेख सांगत नाही. पण मडके पुरणारा माणूस परत का येत नाही, हे अशा उठलेल्या गावाकडे पाहून समजते.

माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. त्यामुळे कोणतीही जुनी वस्तू पाहिली की ती कोणाच्या हाताने घडली आणि त्या हाताला काय मिळाले, हा प्रश्न मला आधी सुचतो. दहाव्या लेण्यात उषवदाताचा जो लेख आहे तो मला म्हणूनच फार प्रिय आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. कोणाकडे? सावकाराकडे नव्हे, राजाच्या खजिन्यातही नव्हे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. आणि हा सारा करार नगरसभेत वाचून दाखविला व दप्तरात नोंदविला. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाचा जावई हातमागावर बसणाऱ्यांच्या संस्थेवर कायमचा भरवसा टाकतो! ते कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच होत, असे मानले जाते. तेव्हा दगडावरचा लेख आणि जमिनीतला ठेवा एकमेकांशेजारी ठेवले की विणकराच्या हातातून फिरलेला पैसा आपल्याला दिसू लागतो.

जोगलटेंभी एकटी नाही. विदर्भात तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. महामहोपाध्याय मिराशी यांनी तो अभ्यासला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत न आढळणारी राजांची नावे प्रकाशात आली. पोथ्यांनी विसरलेले राजे हलक्या धातूच्या नाण्यांनी लक्षात ठेवले होते. त्यांचे धातूचे मोल नगण्य. यंत्र घेऊन सोने शोधणाऱ्याने ती बांधावर फेकून दिली असती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण दायमाबादचे आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये एक भिल्ल गावकरी झुडपाचे मूळ खणत असता त्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा सारथी. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या मुशीत गेल्या नाहीत, आणि आज भारतीय धातुकलेच्या कोणत्याही ग्रंथात त्यांना मानाचे पान आहे. पण त्या निघाल्या तेव्हा त्या कोणत्या थरात, कोणत्या भांड्यांच्या सोबतीला होत्या, हे पाहणारे जाणकार तिथे नव्हते. नंतर त्याच ठिकाणी पद्धतशीर उत्खनन झाले आणि मूर्ती उत्तर हडप्पा काळातील ठरविण्यात आल्या. तरी धातूच्या मिश्रणावरून आणि घडणीवरून काही विद्वानांनी शंका काढली, आणि ती अजून पुरती मिटलेली नाही. यात त्या गावकऱ्याचा काही दोष नाही. तो जळणाच्या शोधात होता. पण काही घटकांच्या खोदाईत हरवलेली माहिती पन्नास वर्षांच्या वादाने भरून निघत नाही, एवढे यावरून कळावे.

आता इंग्लंडातील एक गोष्ट सांगतो. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातील हॉक्सन गावी पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याने आपला मित्र एरिक लॉज याला बोलाविले. लॉज हा माळीकाम करून निवृत्त झालेला माणूस, आणि त्याच्याजवळ धातुशोधक यंत्र होते. यंत्र बोलले, खणले तर हातोडा नव्हे, रोमन काळातील सोन्याचांदीचा ठेवा निघाला. लॉजने अधाशीपणाने खड्डा उपसला नाही. थोडे वर आल्यावर तो थांबला आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळविले. तज्ज्ञांनी येऊन ठेवा थराथराने उचलला. १४,८६५ नाणी आणि दोनशेच्या आसपास दागिने व भांडी निघाली. इतकेच नव्हे तर ज्या लाकडी पेटीत हे सारे ठेवले होते ती कुजून गेलेली पेटी कशी होती, आत लहान डबे कसे रचले होते, हेही कळले. लॉजला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले, आणि कायद्याने बांधलेला नसतानाही त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही पुढे सापडला. तो ब्रिटिश म्युझियमने त्या सोन्याबरोबर जपला आहे. श्रमाच्या हत्यारालाही संग्रहालयात जागा मिळाली, याचा मला विशेष आनंद वाटतो.

त्यानंतर इंग्लंडने १९९६ मध्ये ठेव्यांचा कायदा नवा केला. ठेवा सरकारी संग्रहालयाने घेतला तर बाजारभावाप्रमाणे बक्षीस देण्याची रीत तिथे आहे. १९९७ पासून सुट्या सापडींची स्वेच्छेने नोंद करण्याची योजनाही सुरू झाली, आणि तीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तिथे चोरटे खणणारे नाहीत असे नव्हे. पण सांगणाऱ्याला फायदा आणि मान मिळतो, म्हणून पुष्कळ लोक सांगतात.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी, काय मिळाले, कुठे मिळाले, कधी मिळाले ते कळवावे, असे तो सांगतो. खबर न दिल्यास आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हा भाग लोकांना ऐकून माहीत असतो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग फार थोड्यांच्या कानावर गेला आहे. ठेवा बेवारस ठरला, आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. मालक म्हणून कोणी पुढे आला नाही तर सारा सापडणाऱ्याचा. इंग्रजी अमदानीतील कायद्याने मालकाच्या तिप्पट वाटा खणणाऱ्या हाताला दिला आहे, हे किती मजुरांना ठाऊक आहे?

परंतु या कायद्यात एक मोठे वैगुण्य आहे. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यावयाचा असेल तर वस्तूच्या मूळ धातूची किंमत आणि तिच्या एकपंचमांश इतकी अधिक रक्कम दिली की काम झाले. सोन्याच्या बाबतीत हे कदाचित चालेल. पण तांब्याची कुऱ्हाड, हलक्या धातूची नाणी, काशाची मूर्ती? मोडीच्या भावावर वीस टक्के! ज्या तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी तीन राजे उजेडात आणले, त्यांचे मोल या हिशेबाने भंगाराहून फार अधिक होत नाही. कायदाच धातू तोलतो, साक्ष तोलत नाही. मग गरीब माणसाने साक्ष तोलावी अशी अपेक्षा कशी करावी?

भीती आणि अज्ञान यांचा परिणाम आपण पाहतोच. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या खोदाईत मिळालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांना मजुरांकडून हस्तगत करावी लागली. ज्या माणसाला खबर दिल्यावर चौकशीचा फेरा दिसतो आणि हिस्सा दिसत नाही, तो मडके घरी नेतो, सराफाकडे नेतो, नाहीतर पुन्हा पुरून टाकतो. तिन्ही प्रकारांत इतिहास मरतो. चोर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते तो साक्षीदार म्हणून उभा राहात नाही, हा कारखान्यातील अनुभव शेतालाही लागू आहे.

यंत्राला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी धाडण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. ते निर्बंध पाळलेच पाहिजेत. परंतु नांगर, कुदळ आणि द्राक्षबागेचे चर रोज चालूच आहेत, आणि त्यांना कोणताही निर्बंध घालता येणार नाही. तिथे उपयोग होईल तो फक्त जाणत्या शेतकऱ्याचा आणि निर्भय मजुराचा.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे : सापडलेल्या वस्तूचे मोल धातूवर न ठरविता तिच्या ऐतिहासिक महत्त्वावर ठरवावे, ते ठराविक मुदतीत द्यावे, आणि सापडणाऱ्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास, वस्तूजवळच्या पाटीवर लिहावे. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणी वाचणारी विद्या या जिल्ह्याला परकी नाही.

दुसरी मागणी आपणा सर्वांकडे आहे. जमिनीत काही लागले तर पुढे खणू नये. वस्तू चिंचेने घासून लखलखीत करू नये, कारण त्या चिकटलेल्या मातीतच तिची जन्मपत्रिका असते. जागा, खोली आणि सोबत मिळालेली खापरे यांची टिपणी ठेवावी, छायाचित्र घ्यावे, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी आणि त्या खबरेची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत सापडींची एक वही असावी. कोणत्या गटात काय मिळाले, कोणाला मिळाले, एवढे तीत लिहावे. खापराचा तुकडा असला तरी लिहावे.

हे काही नवे खूळ नाही. गोवर्धनच्या विणकरांनी घेतलेली ठेव नगरसभेत वाचून दाखविली गेली आणि दप्तरात चढली, म्हणून तिचा हिशेब आज आपल्याला पै-पैने सांगता येतो. आपल्या पायाखालच्या जमिनीनेही आपल्याकडे एक ठेव ठेवलेली आहे. तिचे मुद्दल मोडावयाचे नाही. ती चारचौघांत वाचून दाखवावयाची आणि वहीत नोंदवावयाची, एवढेच आपले काम आहे.